सात दिवस लंडनचे, तीन वर्षे बचतीची

वऱ्हाडच्या माणसाआधी वऱ्हाडचा कापूस विलायतेला गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा माल थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना अमरावती, अकोला, खामगावच्या गाठींची आठवण झाली. त्या गाठी वाहणाऱ्या हातांत आपल्या आजे-पणज्यांचे हात किती होते, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. कापूस गेला, माणसे इथेच राहिली. आता दीडशे वर्षांनी आम्ही पाच माणसे त्याच वाटेने निघण्याची तयारी करीत आहोत. गाठोडे घेऊन नव्हे, पासपोर्ट घेऊन.

वाचक बंधू-भगिनींनो, आम्ही कोणी मोठे लोक नाही. अमरावतीचे आम्ही दोघे पती-पत्नी आणि आमची माय. अकोल्याचे आमचे व्याही आणि विहीणबाई. व्याही एस.टी.त कंडक्टर होते, निवृत्त झाले. आमच्या पत्नी अंगणवाडीत आहेत. माय पंचाहत्तरीला टेकली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर ती आपल्या बापाच्या खांद्यावर होती. वय पाच वर्षांचे. तिला त्या दिवसाचे फक्त पांढरे कपडे आठवतात आणि तहान आठवते.

२०२३ सालच्या जयंतीला मिरवणूक आटोपून सगळे अंगणात चहा पीत बसलो होतो. आमची पुतणी शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणार, ती लंडनला शिकायला जाणार, असा विषय निघाला. व्याही गमतीने म्हणाले, "माय, चालता काय नातीला भेटायले?" माय हसली नाही. म्हणाली, "हाव, येतो. पण मले राणीचा वाडा कायले पाह्यचा? मले बाबासायबाची खोली पाह्यची हाये. ज्या खोलीत उपाशी राहून शिकला, ते खोली."

त्या वेळी विषय तिथेच थांबला. पण रात्री झोप लागेना.

छापील सहलीत ते घर नाही

दुसऱ्या आठवड्यात आम्ही एका सहल कंपनीच्या कचेरीत गेलो. माहितीपत्रक रंगीत होते. सात दिवस लंडन: घड्याळाचा मनोरा, राजवाड्यासमोर पहारा बदलण्याचा सोहळा, मेणाचे पुतळे, नदीकाठचा मोठा पाळणा, खरेदीसाठी एक दुपार. आम्ही विचारले, "१०, किंग हेन्रीज रोड यात कुठे आहे?" बसलेल्या तरुणाला पत्ता ठाऊक नव्हता. आम्ही सांगितल्यावर तो म्हणाला, "काका, ते बाजूला पडते. ग्रुपला त्यात इंटरेस्ट नसतो." तो मुलगा वाईट नव्हता. त्याच्या ग्रुपला खरेच रस नसेल. पण आपण दीड लाख रुपये मोजायचे आणि ज्यासाठी जायचे तेच सोडून यायचे, हे मनाला पटेना. आपली सहल आपणच आखायची, असे त्या पायरीवरच ठरले.

आता त्या घराची हकीकत. बाबासाहेबांनी १९२१-२२ साली या घरात भाड्याने राहून अभ्यास केला. भिंतीवर निळा गोल फलक आहे, त्यावर हीच वर्षे आहेत. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने हे घर सुमारे ३१ लाख पौंडांना विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे स्मारक म्हणून उद्घाटन झाले. पुढे शेजाऱ्यांनी तक्रार केली की वस्तीत वर्दळ वाढते. कॅम्डेनच्या नगरपालिकेने २०१८ मध्ये निवासी घराचे संग्रहालय करण्यास परवानगी नाकारली. शासन अपिलात गेले, २०१९ मध्ये चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये तिथल्या मंत्र्यांनी संग्रहालयाला मंजुरी दिली. म्हणजे त्या घरात शिरण्याचा हक्कही अपील करूनच मिळवावा लागला. व्याही म्हणाले, "पाहा, तळं असो की घर, आपल्याले सरळ दार कधी उघडते काय?"

मुलाचा प्रश्न

खर्चाचा अंदाज काढला तेव्हा घरात पहिला वाद झाला. पौंडाचा भाव रोज बदलतो. आम्ही हिशेबाला १२० रुपये धरला. विमानाचे जाणे-येणे पासष्ट हजार धरले. व्हिसाची फी २०२५ मध्ये १२७ पौंड होती, म्हणजे पंधरा हजारांच्या वर. ही फी बदलत असते आणि व्हिसा नाकारला तर परत मिळत नाही. राहण्याचे माणशी रात्री ४५ पौंड धरले तर सात रात्रींचे ३७,८०० झाले. जेवण स्वतः रांधायचे असे मानून दिवसाला १५ पौंड, म्हणजे १२,६००. बस-रेल्वेला साडेसहा हजार. पासपोर्टचे दीड हजार, विमा, मुंबईच्या फेऱ्या हे वेगळे. एका माणसाला दीड लाखाच्या खाली बसत नाही. पाच माणसांचे साडेसात लाख.

मुलगा कागद पाहून म्हणाला, "बाबा, इतक्या पैशात वरच्या दोन खोल्यांवर स्लॅब पडला असता." त्याचे चुकले नाही. आमचे घर अजून टिनाचे आहे. उन्हाळ्यात अमरावतीचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा त्या टिनाखाली कसे दिवस काढतो हे आमचे आम्हाला ठाऊक. कोणी शेजारी असे पैसे फिरायला घालतो म्हणाला असता तर आम्हीच त्याला वेड्यात काढले असते. दोन दिवस आम्ही त्याच्याशी धड बोललो नाही, कारण उत्तर नव्हते.

उत्तर शोधायला आम्ही चरित्र पुन्हा उघडले. शिकायला गेलेल्या बाबासाहेबांचे आपण गुणगान करतो, पण त्यांनी पैशांचा मेळ कसा बसवला हे सहसा कोणी सांगत नाही. १९१६ साली ते अमेरिकेतून लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इन या बॅरिस्टरीच्या संस्थेत नाव घातले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पुस्तकांचे सामान दुसऱ्या बोटीने येत होते, ती बोट महायुद्धात टॉर्पेडोने बुडाली. नंतर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी प्राध्यापकी केली, पगारातून पैसे बाजूला टाकले. छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले. तेव्हा कुठे १९२० मध्ये ते पुन्हा बोटीवर चढले. म्हणजे दुसऱ्या खेपेचे लंडन हे तीन वर्षांच्या धडपडीतून उभे राहिलेले लंडन होते. मागे माता रमाई मुंबईत संसार ओढीत होत्या.

हे वाचून आम्ही मुलाला बोलावले आणि सांगितले की कर्ज काढणार नाही, दागिना मोडणार नाही, तुझ्या मुलांच्या फीला हात लावणार नाही. दर महिन्याला माणशी चार हजार, तीन वर्षे. ज्या महिन्यात जमणार नाही त्या महिन्यात सहल पुढे जाईल. बाबासाहेबांनी उसने घेतले ते शिक्षणासाठी. शिक्षणासाठी कर्ज काढणे वेगळे आणि पाहायला जाण्यासाठी काढणे वेगळे, हे आमचे स्पष्ट मत आहे. मुलगा म्हणाला, "आजीसाठी जा. स्लॅबचं पाहू." त्याच्या बोलण्यात नाराजी अजून आहे. ती असणारच.

बँकेचा कागद बोलला पाहिजे

एक चूक मात्र आम्ही केली, ती इतरांनी करू नये म्हणून सांगतो. पहिले आठ महिने आम्ही पैसे भिशीत टाकले, रोख. एका एजंटाने सल्ला दिला की अर्जाच्या वेळी सगळी रक्कम एकदम खात्यात भरून टाका, खाते भरलेले दिसते. पुतणीने फोनवर ऐकले आणि ओरडलीच, "मोठेबाबा, असं करू नका. अर्ज तपासणारा अधिकारी खात्यात किती आहे एवढंच पाहत नाही, ते आलं कुठून हेही पाहतो." अचानक आलेली मोठी रक्कम शंकेला कारण होते. मग आम्ही भिशी मोडून राष्ट्रीयीकृत बँकेत आवर्ती ठेव उघडली. दर महिन्याची नोंद पासबुकात दिसते. पेन्शन, मानधन जिथे जमा होते तेच खाते चालू ठेवले.

प्रवासी व्हिसा सहा महिन्यांपर्यंतचा असतो. प्रवासाच्या तारखेच्या तीन महिन्यांच्या आत अर्ज करता येतो आणि निकालाला साधारण तीन आठवडे लागतात. अर्ज इंग्रजीत आणि संगणकावर भरावा लागतो, नंतर केंद्रावर बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला स्वतः जावे लागते. आमचे केंद्र मुंबई. घरटॅक्सची पावती, सातबारा, पेन्शनचे आदेश असे मराठी कागद जोडायचे तर त्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते. परत येण्याची कारणे कागदात दिसली पाहिजेत: घर आहे, नोकरी आहे, पेन्शन आहे, नातवंडे आहेत. विमानाचे तिकीट व्हिसा हातात पडल्यावरच काढावे. स्वस्त तिकिटाच्या मोहाने आधी काढले आणि व्हिसा आला नाही तर दोन्हीकडून बुडालो.

पासपोर्टचे विदर्भाचे कार्यालय नागपूरला आहे, पण आता टपाल खात्याच्या सेवा केंद्रांतूनही काम होते. अडचण येते ती नावाची. मायच्या आधारकार्डावर एक स्पेलिंग, पॅनकार्डावर दुसरे, बँकेत तिसरे. ते सरळ करायला चार महिने गेले. ज्यांना पुढे-मागे कुठेही जायचे आहे त्यांनी हे काम आजच उरकावे. सहीच्या रकान्यात अंगठा चालतो. पण माय प्रौढ साक्षरतेच्या वर्गात सही शिकली होती, तिने चालवू दिला नाही. केंद्रातल्या पोरीला म्हणाली, "थांब बाई, मले येते." तिला वेळ लागला. मागे रांग होती, पण कोणी काही बोलले नाही.

सात दिवसांचा नकाशा

पुतणीला शिष्यवृत्ती मिळाली. ती तिकडे शिकते. रविवारी ती आमच्यासाठी पायी फिरून अंतरे मोजते आणि फोनवर सांगते. त्यावरून आमचा नकाशा तयार झाला.

जायचे जूनच्या अखेरीस. आपल्याकडे पेरणीचे दिवस, पण आमच्याकडे शेती नाही. त्या वेळी तिकडे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, म्हणजे एका दिवसात दीड दिवसाचे फिरणे होते. थंडीत दुपारी चारला अंधार पडतो. दुसरे कारण राहण्याचे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आपली विद्यार्थी वसतिगृहे उन्हाळ्याच्या सुट्टीत बाहेरच्या लोकांना भाड्याने देते. हॉटेलपेक्षा ती स्वस्त पडतात आणि काही ठिकाणी स्वयंपाकघरही असते. बाबासाहेब जिथे शिकले त्याच संस्थेच्या वसतिगृहात माय झोपणार, हे कळल्यावर दुसरीकडे चौकशीच केली नाही.

विमानतळ हीथ्रोचे. तिथून पिकॅडिली नावाची भुयारी रेल्वे थेट शहरात येते, गाडी न बदलता होबर्न स्टेशनपर्यंत साधारण तासाभरात. पहिला दिवस विश्रांतीचा. घड्याळ साडेचार तास मागे करायचे आणि मायला झोपू द्यायचे.

दुसरा दिवस किंग हेन्रीज रोडचा. चॉक फार्म स्टेशनवरून ते घर पायी जवळच आहे. संग्रहालय कोणत्या दिवशी, किती वाजता उघडे असते हे निघण्याआधी पक्के विचारून घ्यावे, असे पुतणीचे सांगणे. तिथे काय करायचे याचा मात्र आम्ही काहीच बेत केला नाही. माय जितका वेळ बसेल तितका वेळ बसायचे. चरित्रकार लिहितात की त्या काळात बाबासाहेब सकाळी पावाचा तुकडा आणि चहा घेऊन निघत, दिवसभर ग्रंथालयात बसत आणि रात्री भूक लागली की मित्राने दिलेले पापड भाजून खात. मायने हे ऐकल्यापासून उडदाच्या पापडांची तयारी चालवली आहे. तिकडच्या नियमाने मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून पेढा आणि तूप घरीच राहील. पापडाला अडचण नाही. घराजवळच प्रिमरोज हिल ही टेकडी आहे. वरून सगळे शहर दिसते. शिदोरी तिथे सोडायची.

तिसरा दिवस होबर्नच्या परिसराचा, आणि तो सोमवार ते शुक्रवारमध्येच ठेवावा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन आणि ब्रिटिश म्युझियम ही तिन्ही ठिकाणे होबर्न स्टेशनच्या आसपास पायी अंतरावर आहेत. आमच्या डोक्यात लंडन म्हणजे अफाट शहर होते. बाबासाहेबांचे विद्यार्थीदशेतले लंडन मात्र राजकमल चौकातून पायी फिरावे एवढेच दिसते. सकाळी निघायचे, वाचायचे, वर्गाला जायचे, पुन्हा वाचायचे, आणि ट्रामचे पैसे वाचवायचे. १९२१ साली एम.एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर, १९२३ साली डी.एस्सी. आणि त्याच वर्षी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लंडनमध्ये छापून निघाला. संस्थेत त्यांचा अर्धपुतळा आहे, तो १९९४ साली बसला. ग्रेज इनने २०२१ मध्ये आपल्या एका दालनाला त्यांचे नाव दिले आणि तिथे त्यांचे तैलचित्र लावले. ही चालती संस्था आहे, आत वकील काम करतात, म्हणून दालन पाहायचे तर आधी पत्र पाठवून परवानगी मागावी. पुतणीने पत्र पाठवले आहे. परवानगी नाही मिळाली तरी तिथली बाग आठवड्यातल्या कामाच्या दिवशी दुपारी लोकांना खुली असते.

चौथा दिवस पूर्ण ब्रिटिश म्युझियमला. प्रवेश फुकट आहे, आणि यावर आम्ही सगळ्यात जास्त बोललो. कारण नाव. पुतणी म्हणाली की तिथे अमरावतीचे दगड आहेत. माय चमकली, "आपल्या अमरावतीचे?" नाही. ही आंध्र प्रदेशातली, कृष्णा नदीकाठची अमरावती. तिथे सम्राट अशोकाच्या सुमारापासून पुढे कित्येक शतके एक महास्तूप वाढत गेला. बौद्ध धम्म ओसरला, स्तूप मातीखाली गेला. अठराव्या शतकाच्या शेवटी एका जमीनदाराने बांधकामाच्या विटा-दगडांसाठी तो उकरला, तेव्हा कॉलिन मॅकेन्झी नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचे लक्ष गेले. १८४५ मध्ये वॉल्टर एलियट याने खणून शिळा काढल्या, त्या मद्रासला नेल्या, १८५९ मध्ये बोटीने लंडनला पाठवल्या आणि १८८० मध्ये त्या ब्रिटिश म्युझियममध्ये आल्या. शंभराहून अधिक शिळा आहेत. दालन क्रमांक ३३-अ, काचेच्या आत.

पुतणी त्या काचेसमोर तास-दीड तास उभी होती. ती सांगते की जुन्या शिळांवर तथागतांची मूर्ती नाही. रिकामे आसन आहे, त्यावर बोधिवृक्ष आहे, खाली पावलांची चिन्हे आहेत आणि भोवती माणसे हात जोडून आहेत. भगवान आहेत, पण दिसत नाहीत. एक शिळा तर दोन्ही बाजूंनी कोरलेली आहे. आधीच्या लोकांनी एका बाजूला रिकामे आसन कोरले. तीनेकशे वर्षांनी कारागिरांनी तीच शिळा उलटी करून दुसऱ्या बाजूला सगळा स्तूप कोरला, झेंडे, सिंह, प्रदक्षिणेचा कठडा यांसह. स्तूप आता तिथे उभा नाही, पण तो कसा दिसत होता हे त्या शिळेवरून कळते. ज्यांना लंडन शक्य नाही त्यांनी मन खट्टू करू नये. याच स्तूपाच्या पुष्कळ शिळा चेन्नईला एग्मोरच्या शासकीय संग्रहालयात आहेत.

त्याच इमारतीच्या मधोमध गोल वाचनालय आहे. बाबासाहेब तिथे बसून वाचीत. त्यांच्या आधी कार्ल मार्क्सही तिथेच बसत. ग्रंथ १९९० च्या दशकाच्या अखेरीस दुसऱ्या इमारतीत हलवले गेले, पण घुमट तसाच आहे. व्याही जुने युनियनवाले, त्यांनी लगेच हायगेटच्या दफनभूमीतली मार्क्सची समाधी यादीत घातली. तिथे जायला तिकीट आहे म्हटल्यावर म्हणाले, "माझ्या पैशानं जातो, तुम्ही बाहेर उभे राहा."

पाचवा दिवस वेस्टमिन्स्टरचा. पहिल्या गोलमेज परिषदेचे उद्घाटन १२ नोव्हेंबर १९३० रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सच्या रॉयल गॅलरीत झाले आणि पुढची कामे सेंट जेम्स राजवाड्यात चालली. तो राजवाडा बाहेरूनच पाहायचा. १९३०, १९३१ आणि १९३२ अशा तिन्ही परिषदांना बाबासाहेब हजर होते. सात-आठ वर्षांपूर्वी याच शहरात ग्रंथालयात बसून दिवस काढणारा विद्यार्थी आता अस्पृश्यांचा प्रतिनिधी म्हणून आला होता. मधल्या काळात, १३ नोव्हेंबर १९२७ रोजी, ते आमच्या अमरावतीला इंद्रभुवन थिएटरात अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले होते. त्याच वेळी त्यांचे थोरले बंधू वारल्याची तार आली, तरी त्यांनी परिषद सोडली नाही. इंद्रभुवन ते सेंट जेम्स, मध्ये तीन वर्षे. आम्ही अमरावतीकर त्या दाराशी उभे राहू तेव्हा एवढे आठवले तरी पुरे.

सहावा दिवस रविवार, विहाराचा. चिझिकचा लंडन बुद्धविहार अनागारिक धर्मपाल यांनी १९२६ मध्ये स्थापला. आता तो टर्नहॅम ग्रीन स्टेशनजवळ आहे. दुसरा पर्याय लंडनबाहेर, हेमेल हेम्पस्टेडजवळचा भिक्षूंचा मठ. १९८४ साली अजान सुमेधो यांनी तो स्थापन केला आणि नाव ठेवले अमरावती. यूस्टनवरून रेल्वेने अर्धा तास, पुढे टॅक्सी. भिक्षू दुपारच्या आधी एकदाच जेवतात, म्हणून दान द्यायचे तर सकाळीच पोहोचावे. आमच्या पत्नींचा आग्रह दुसऱ्यासाठी आहे. म्हणतात, "अमरावतीहून निघायचं, लंडनमध्ये अमरावतीचे दगड पाहायचे आणि अमरावतीतच जेवायचं."

सातव्या दिवशी काही ठरवलेले नाही. नदीकाठ, पूल, नातवंडांसाठी एखादी वस्तू, आणि राणीचा वाडा बसमधून दिसला तर दिसला.

कंडक्टरविना बस

बसची गोष्ट व्याह्यांना अजून पटत नाही. लंडनच्या लाल बसमध्ये कंडक्टर नाही, आणि २०१४ पासून ड्रायव्हर रोख पैसेही घेत नाही. चढताना कार्ड यंत्रावर टेकवायचे. २०२५ मध्ये तिकीट पावणेदोन पौंड होते, कुठेही जा, आणि एका तासात दुसरी बस बदलली तर वेगळे पैसे लागत नव्हते. अकरा वर्षांखालच्या मुलांना बस फुकट. दिवसभरात एका ठरावीक रकमेच्या वर पैसे कापत नाहीत. प्रत्येकाचे कार्ड मात्र वेगळे हवे, एका कार्डावर दोघे चढता येत नाही. व्याही म्हणाले, "सुट्ट्यासाठी जन्म गेला आपला. सुटे द्या, सुटे द्या म्हणत. अन् इथं पैसाच घेत नाही म्हणता?" ते रोज संध्याकाळी मायला कार्ड कसे टेकवायचे हे फ्रिजच्या दारावर शिकवतात. अकोल्याहून खास त्यासाठी दोनदा येऊन गेले.

मायची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह वेगळ्या पिशवीत ठेवायची. परदेशी माणसाला तिथल्या इस्पितळात भरती व्हावे लागले तर बिल मोठे येते, म्हणून प्रवासाचा विमा काढताना मायची रक्तदाबाची गोष्ट लपवायची नाही. लपवली तर विमा कंपनी पैसे देणार नाही. ज्वारीचे पीठ पाच किलो न्यायचे की सात, यावर दोन्ही घरांत अजून एकमत नाही.

बेलोऱ्याचे विमानतळ २०२५ च्या एप्रिलमध्ये प्रवाशांसाठी सुरू झाले, तेव्हा मुंबईला विमानानेच जा असे काहींनी सुचवले. आम्ही रेल्वेचीच तिकिटे काढली. बोटांचे ठसे देण्याची तारीख पुढच्या मंगळवारची मिळाली आहे. सोमवारी संध्याकाळी अमरावतीहून मुंबई गाडीत आम्ही तिघे बसू. साधारण दोन तासांनी अकोला येईल आणि व्याही-विहीणबाई त्याच डब्यात चढतील. भाकरी आणि ठेचा आमच्याकडून, पाण्याच्या बाटल्या त्यांच्याकडून. मूळ कागदांची फाइल मायजवळ राहील, कारण ती रात्री झोपत नाही.

व्हिसा मिळाला की नाही, ते या पानावर कळवू.